औषधाचे मेटाबोलाइट कशातून मिळवावेत: बुरशी, जिवाणू, मानवी जनुकाचे यीस्ट की यकृताचे मायक्रोसोम?

मेलॉक्सिकॅम हे सांधेदुखीवरचे नेहमीचे औषध. माणसाच्या यकृतात त्याच्या थायाझोल कड्यावरचा मिथाइल गट आधी हायड्रॉक्सीमिथाइल होतो आणि मग कार्बोक्सी. पहिली पायरी मुख्यतः सीवायपी२सी९ हे (सायटोक्रोम पी४५० कुळातले) एन्झाइम करते, थोडा हातभार सीवायपी३ए४ लावते. शरीरात औषधापासून होणाऱ्या अशा बदललेल्या रेणूंना मेटाबोलाइट म्हणतात. हीच दोन्ही संयुगे कनिंगहॅमेला ब्लेकस्लीआना नावाची बुरशी शेकरवरच्या फ्लास्कात करून देते. त्या कामात वापरलेला वाण एनसीआयएम ६८७, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातला.

असे निकाल वाचले की एम.फार्म. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला वाटते, महागडे मानवी मायक्रोसोम (यकृताच्या पेशीतल्या एन्झाइम असलेल्या पटलांचे तुकडे) कशाला घ्यायचे, बुरशीवरच भागवू. कधीकधी भागतेही. पण बुरशी आणि यकृत वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आपला प्रश्न नक्की न करता वाण मागवला, तर सहा महिन्यांनी हातात शिखरांनी भरलेले क्रोमॅटोग्राम असतात आणि त्यांतले कोणते शिखर माणसात खरोखर दिसते, हे सांगता येत नाही.

आधी प्रश्न ठरवा

पहिला प्रकार: हे औषध माणसात कशात बदलते, किती वेगाने आणि कोणत्या एन्झाइममुळे? दुसरा: मेटाबोलाइट कोणता ते एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमान मोजणारे यंत्र) दिसले आहे, पण हायड्रॉक्सिल नेमका कोणत्या कार्बनवर बसला ते एनएमआरने (रेणूची रचना दाखवणारी वर्णपट पद्धत) ठरवायचे आहे, किंवा प्रमाण-नमुना म्हणून काही मिलिग्रॅम हवे आहेत. तिसरा: रेणू नवा आहे, त्यावरच्या कोणत्या जागा ऑक्सिडेशनला नाजूक आहेत याचा नुसता अंदाज हवा आहे.

पहिल्यासाठी मानवी यकृताचा माल लागतो, तिथे तडजोड नाही. दुसऱ्यासाठी सूक्ष्मजीव सरस. तिसऱ्यासाठी दोन्ही चालतात. मात्र सूक्ष्मजीवांचा निकाल 'शक्यता' म्हणूनच लिहावा.

दुसरा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा उभा राहतो, कारण आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या एम३(आर२) या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाच्या रक्तातला जो मेटाबोलाइट औषधाशी संबंधित एकूण मात्रेच्या १० टक्क्यांहून जास्त भरतो आणि विषारीपणाच्या चाचणीतल्या प्राण्यांपेक्षा माणसात लक्षणीय जास्त असतो, त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. त्यासाठी तो मेटाबोलाइट शुद्ध रूपात हाताशी हवा. तो संश्लेषणाने करायला अनेकदा बऱ्याच पायऱ्या लागतात.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू. ३०० रेणुभाराचे औषध १० मायक्रोमोलर घेतले, तर मायक्रोसोमच्या १ मिलिलिटर मिश्रणात ते फक्त ३ मायक्रोग्रॅम असते. २० टक्के रूपांतर झाले असे धरले तर ०.६ मायक्रोग्रॅम मेटाबोलाइट. १० मिलिग्रॅम हवे असतील तर सुमारे १७ लिटर मिश्रण आणि ०.५ मिग्रॅ/मिली या हिशेबाने ८ ग्रॅमहून जास्त मायक्रोसोमल प्रथिन लागेल. मायक्रोसोम साधारण २० मिग्रॅ/मिलीच्या छोट्या कुप्यांत मिळतात हे लक्षात घेतले, की हा बेत तिथेच संपतो. औषध १०० मायक्रोमोलर केले तरी फारसा फायदा नाही, कारण एन्झाइम संपृक्त होते आणि रूपांतराची टक्केवारी घसरते.

बुरशीच्या एका फ्लास्कात २५ मिली माध्यम आणि ०.२ मिग्रॅ/मिली औषध, म्हणजे ५ मिग्रॅ. तेच २० टक्के रूपांतर धरा आणि शुद्धीकरणात निम्मे गेले असे धरा. तरी फ्लास्कमागे अर्धा मिलिग्रॅम हातात येतो. वीस फ्लास्क, अर्धा लिटर माध्यम, काम झाले.

एका नजरेत

| साधन | खरे बळ | औषधाची मात्रा | तापमान, वेळ | काय मिळत नाही |
|---|---|---|---|---|
| मानवी यकृताचे मायक्रोसोम | माणसातले एन्झाइम, वेग | १–१० मायक्रोमोलर | ३७°से, १ तासापर्यंत | मिलिग्रॅममध्ये माल; सल्फेट |
| हेपॅटोसाइट (यकृताच्या अख्ख्या पेशी) | दोन्ही टप्पे (आधी ऑक्सिडेशनसारखे बदल, मग सल्फेट, ग्लुकुरोनाइडची जोडणी) एकत्र | १–१० मायक्रोमोलर | ३७°से, ४ तास | स्वस्ताई, मोठे प्रमाण |
| कनिंगहॅमेला | मिलिग्रॅममध्ये माल, सल्फेटसुद्धा | ०.१–०.५ मिग्रॅ/मिली | २७–२८°से, ३–६ दिवस | वेग, एन्झाइमची ओळख |
| स्ट्रेप्टोमायसिस, ॲक्टिनोप्लेनिस | ॲरोमॅटिक हायड्रॉक्सिलेशन | ०.१–०.२ मिग्रॅ/मिली | २७–३०°से, २–५ दिवस | स्वच्छ पार्श्वभूमी |
| मानवी सीवायपी असलेले ई. कोलाय किंवा यीस्ट | एकाच एन्झाइमचे उत्पादन | वाणावर अवलंबून | ३०°सेच्या आसपास | पूर्ण चयापचयाचे चित्र |

कनिंगहॅमेला: पहिली पसंती का

सूक्ष्मजीवांकडून असे ऑक्सिडेशन करून घेणे जुने आहे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी रायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या ११-अल्फा जागी हायड्रॉक्सिल बसवून घेतला आणि कॉर्टिसोनचा उद्योग त्यावर उभा राहिला. पण 'यकृताचे प्रतिरूप' म्हणून सूक्ष्मजीव वापरण्याची कल्पना पद्धतशीर मांडली ती स्मिथ आणि रोझाझा यांनी, १९७४-७५ मध्ये. त्यांनी साध्या ॲरोमॅटिक संयुगांवर अनेक वाण तपासले. तेव्हापासून जी नावे पुन्हापुन्हा वर येतात, त्यांत कनिंगहॅमेला एलिगन्स, ब्लेकस्लीआना आणि एकिनुलाटा पुढे आहेत.

कारण या बुरशीत सायटोक्रोम पी४५० भरपूर आहेत आणि शिवाय दुसऱ्या टप्प्याची एन्झाइमेही आहेत. फ्लर्बिप्रोफेनचे उदाहरण बोलके आहे. माणसात सीवायपी२सी९ त्याचा ४'-हायड्रॉक्सी मेटाबोलाइट करते. कनिंगहॅमेला एलिगन्स तोच करते आणि वर त्याचा सल्फेटही. मायक्रोसोममध्ये हा सल्फेट कधीच दिसणार नाही, कारण सल्फोट्रान्सफरेज पेशीद्रवात असते, मायक्रोसोम तयार करताना ते वरच्या द्रवाबरोबर निघून जाते. मायक्रोसोमपेक्षा बुरशी माणसाच्या जवळ जाते अशी ही एक दुर्मीळ जागा.

आल्बेंडाझोलचे सल्फॉक्साइड आणि सल्फोन, सिंथेटिक कॅनाबिनॉइडचे हायड्रॉक्सी मेटाबोलाइट, हेही या बुरशीने दिले आहेत. कॅनाबिनॉइडच्या बाबतीत तर न्यायवैद्यक प्रयोगशाळांना प्रमाण-नमुने विकत मिळायच्या आत नवा पदार्थ बाजारात येतो, म्हणून तिथे बुरशी खरोखर उपयोगी पडली.

कृती

दोन टप्प्यांची आंबवण ही जुनी पद्धत आजही सर्वांत विश्वासू आहे. एका लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, सोयाबीनचे पीठ ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, मीठ ५ आणि डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम. पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.० करा, १२१°सेला १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करा. सोयाबीनचे पीठ खाली बसते, म्हणून फ्लास्कात ओतताना माध्यम सतत ढवळत राहा, नाहीतर शेवटच्या फ्लास्कांत निम्मे पीठ जाते.

पोटॅटो डेक्स्ट्रोज अगरच्या स्लँटवर २८°सेला ५ ते ७ दिवस वाढलेली बुरशी घ्या. निर्जंतुक पाण्यात ट्वीन ८० चा एखादा थेंब टाकून बीजाणू खरवडून घ्या. १२५ मिलीच्या फ्लास्कात २५ मिली माध्यम, म्हणजे फ्लास्कचा पाचवा भाग. ही मर्यादा ओलांडू नका. निम्मा फ्लास्क भरला की प्राणवायू कमी पडतो आणि पी४५० ला प्राणवायू लागतोच. २८°से, २०० ते २५० फेरे, ७२ तास. हा पहिला टप्पा. त्यातले १० टक्के, म्हणजे २.५ मिली, नव्या २५ मिली माध्यमात घाला. पिपेटचे टोक निर्जंतुक कात्रीने कापून रुंद करा, नाहीतर कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) अडकते आणि प्रत्येक फ्लास्कात वेगळीच मात्रा जाते.

दुसऱ्या टप्प्याला २४ तास झाले की औषध घाला. ५ मिग्रॅ औषध ०.१ ते ०.२५ मिली इथेनॉल किंवा डायमिथाइलफॉर्मअमाइडमध्ये विरघळवून. विद्रावक १ टक्क्याच्या आतच ठेवा. डीएमएसओ विषारी कमी, पण १८९°सेच्या उत्कलनबिंदूमुळे नंतर तो घालवताना नाकी नऊ येतात आणि एनएमआरमध्ये त्याचे शिखर बसून राहते.

सोबत तीन कंट्रोल हवेत. बुरशी आहे पण औषध नाही. औषध आहे पण बुरशी नाही. आणि औषध अधिक ऑटोक्लेव्हने मारलेली बुरशी. पहिले दोन सगळे लावतात. तिसरे टाळतात, आणि मग कवकजालाला चिकटलेले औषध 'चयापचय झाले' म्हणून मोजले जाते. मेणचट, पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांत हे हमखास होते.

०, २४, ४८, ७२, ९६, १२० आणि १४४ तासांना नमुने घ्या. शक्य असेल तर एकाच फ्लास्कातून थोडेथोडे उपसण्यापेक्षा प्रत्येक वेळेला एक पूर्ण फ्लास्क संपवा. कवकजालाच्या गोळ्या असमान वाटलेल्या असतात. १ मिली उपसा खोटे आकडे देतो.

मलमलीतून गाळून द्रव इथाइल ॲसिटेटने तीनदा काढा. पायस जमले तर मीठ घालून सेंट्रिफ्यूज. कवकजाल वेगळे मिथेनॉलमध्ये सोनिकेट करा. ॲसिडिक औषध असेल तर आधी पीएच ३ च्या आसपास आणा. बेस असेल तर उलट. सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड मात्र पाण्यातच राहतात, त्यामुळे उरलेला पाण्याचा थर फेकू नका, सी१८ कार्ट्रिजवरून घ्या. अनेक अहवालांत 'दुसऱ्या टप्प्याचे मेटाबोलाइट आढळले नाहीत' असे जे लिहिलेले असते, त्यामागे सिंकमध्ये ओतलेला हाच थर असतो.

कुठे फसते

शिखरे ओळखताना वस्तुमानातला फरक पाहायचा: हायड्रॉक्सिल +१५.९९५, डीमिथाइल −१४.०१६, सल्फेट +७९.९५७, ग्लुकुरोनाइड +१७६.०३२, ग्लुकोसाइड +१६२.०५३. शेवटच्या दोघांत बुरशी खेळ करते. कनिंगहॅमेला ग्लुकुरोनाइड करू शकते, नॅफ्थॅलीनवरच्या कामात ते १९८२ मध्येच दाखवले गेले. पण अनेक बुरश्या आणि स्ट्रेप्टोमायसिस त्याऐवजी ग्लुकोज लावतात. माणसात ग्लुकोसाइड क्वचित होतो. तेव्हा +१६२ दिसले तर ते माणसातल्या +१७६ चे 'प्रतिरूप' म्हणून खपवू नका. संयुग्मित जागा कुठली हा अंदाज घेता येतो, एवढेच. ग्लुकुरोनाइडची खातरी बीटा-ग्लुकुरोनिडेजने करा. गोगलगायीचे एन्झाइम वापरत असाल तर त्यात सल्फेटेजही असते, म्हणून सॅकॅरिक आम्लाचा लॅक्टोन घालून ग्लुकुरोनिडेज बंद केलेली एक नळी समांतर ठेवा.

सोयाबीनच्या पिठातून डेड्झाइन आणि जेनिस्टाइन येतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये २५५.०६५ आणि २७१.०६० ही शिखरे दिसली की नवा मेटाबोलाइट सापडला म्हणून उड्या मारू नका. बुरशीविना कंट्रोलमध्ये तीच शिखरे असतील. त्रास फार होत असेल तर कनिंगहॅमेलासाठी साबुरो डेक्स्ट्रोज ब्रॉथ वापरा, पार्श्वभूमी बरीच स्वच्छ होते.

कवकजालाचे गोळे वाटाण्याएवढे झाले की आतला भाग गुदमरतो आणि रूपांतर मंदावते. बीजाणूंची संख्या वाढवली की गोळे बारीक होतात. ताण देऊन वाढवलेले, सतत उपसंवर्धन केलेले स्लँट काही महिन्यांत बीजाणू धरणे कमी करतात आणि रूपांतरही घटते; वाण आल्याआल्या १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८०°सेला साठा करून ठेवावा.

रेणूचा स्वतःचा गुणही बघा. केटोकोनाझोलसारखी बुरशीनाशके तिच्या स्टेरॉल बनवणाऱ्या सीवायपी५१ वरच बसतात. अशा औषधाला कनिंगहॅमेला निवडणे म्हणजे उंदराला मांजराच्या तोंडी देणे. तिथे जिवाणू घ्या. जंतुनाशक प्रतिजैविकांसाठी नेमके उलट.

आणि बुरशी माणसात न होणारे प्रकारही करते. कार्बोनिलशेजारी प्राणवायू घुसवून लॅक्टोन करणे हे त्यातले प्रसिद्ध. प्रोजेस्टेरॉनपासून टेस्टोलोलॅक्टोन करणाऱ्या पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस जाती आहेत. शिवाय १४४ तास ही फार लांब मुदत आहे. यकृतात थांबणारी पायरी बुरशीत पुढे जाते. म्हणून २४ आणि ४८ तासांचे नमुने माणसाशी जास्त जुळतात, १४४ चे कमी.

सुरक्षेबद्दल थोडे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस जवळून पाहिला. कनिंगहॅमेला त्याच गणातली बुरशी आहे आणि तिची बर्थोलेटिए ही जात माणसाला गंभीर संसर्ग करते. एलिगन्स त्या मानाने निरुपद्रवी, तरी स्लँट उघडणे, बीजाणू खरवडणे ही कामे जैवसुरक्षा कपाटातच करावीत. मधुमेह आटोक्यात नसलेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाला या कामावर बसवू नये.

स्ट्रेप्टोमायसिस आणि ॲक्टिनोप्लेनिस

या जिवाणूंचा हा दुसरा फेरा. कनिंगहॅमेला काही देत नसेल, किंवा कड्यावर हायड्रॉक्सिल हवा असेल, तर इथे या. डायक्लोफेनॅकसाठी ॲक्टिनोप्लेनिसचा एटीसीसी (अमेरिकेतला सूक्ष्मजीव संग्रह) ५३७७१ हा वाण सुंदर काम करतो: माणसातले ४'-हायड्रॉक्सी आणि ५-हायड्रॉक्सी दोन्ही देतो, आणि दोन्ही जागी हायड्रॉक्सिल असलेलाही. माणसात पहिला सीवायपी२सी९ चा, दुसरा सीवायपी३ए४ चा. दोन वेगळ्या मानवी एन्झाइमांचे काम एकच जिवाणू उरकतो. सोयीचे आहे, पण 'कोणते एन्झाइम' या प्रश्नाला इथून उत्तर का मिळत नाही तेही यातून कळते.

स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस (एटीसीसी १३२७३) वापरताना वर सांगितलेली स्वच्छ माध्यमाची युक्ती चालणार नाही. त्याचे पी४५० सोयाबीनच्या पिठातल्या जेनिस्टाइनमुळे उद्दीपित होते. १९८० च्या दशकात हे दाखवले गेले आणि त्या एन्झाइमचे नावही 'पी४५०-सोय' पडले. पीठ काढले की वाढ छान होते आणि औषध जसेच्या तसे राहते. नवख्यांचे महिने यातच जातात.

औद्योगिक प्रमाणावर या गटाची क्षमता पाहायची तर प्रावास्टॅटिन पाहा. स्ट्रेप्टोमायसिस कार्बोफिलस कॉम्पॅक्टिनवर एक हायड्रॉक्सिल बसवतो आणि औषध तयार होते.

तोटा म्हणजे यांचे स्वतःचे दुय्यम पदार्थ. औषधाविना कंट्रोलमध्येही क्रोमॅटोग्राम भरलेला असतो, त्यामुळे शुद्धीकरणाला कनिंगहॅमेलापेक्षा एक जास्तीचा स्तंभ धरून चला.

मानवी जनुक घातलेले ई. कोलाय आणि यीस्ट

मायक्रोसोमवरून कळले आहे की मेटाबोलाइट सीवायपी२डी६ चा आहे आणि तोच, फक्त तोच, हवा आहे. मग रानटी वाण चाळण्यात अर्थ नाही. ई. कोलायमध्ये स्वतःचे एकही सायटोक्रोम पी४५० नाही, म्हणून पार्श्वभूमी कोरी. शिझोसॅक्रोमायसिस पोम्बे या यीस्टमध्ये दोनच आहेत आणि दोन्ही एर्गोस्टेरॉल बनवण्यात गुंतलेली, औषधांकडे ती सहसा वळत नाहीत.

ई. कोलायमध्ये काही गोष्टी चुकवून चालत नाही. एन्झाइमचे पटलात रुतणारे एन-टोक बदललेले हवे. पी४५० ला इलेक्ट्रॉन देणारे रिडक्टेज त्याच पेशीत हवे. टेरिफिक ब्रॉथमध्ये वाढवून उद्दीपनाच्या वेळी जनुक चालू करणारे आयपीटीजी १ मिलिमोलर आणि डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल ०.५ मिलिमोलर; हे आम्ल विसरले तर हीम पुरत नाही आणि रिकामे प्रथिन तयार होते. तापमान २८ ते ३०°से आणि वेळ २४ ते ४८ तास. ३७ वर ठेवले की प्रथिन गोळा होऊन बसते. कार्बन मोनॉक्साइडचा वर्णपट घ्या. ४५० नॅनोमीटरवर शिखर असेल तर एन्झाइम जिवंत आहे, ४२० वर सरकले असेल तर मेलेले. हा वर्णपट न घेता औषध घालू नका.

वाण घडवायला किंवा आणायला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत जनुकबदल केलेले सूक्ष्मजीव येतात. रानटी कनिंगहॅमेलाला हा खटाटोप नाही. एका वर्षाच्या प्रबंधासाठी ही गोष्ट निर्णायक ठरू शकते.

याच कुळातला आणखी एक पर्याय बॅसिलस मेगाटेरियमचे बीएम३. पी४५० आणि रिडक्टेज एकाच साखळीत जोडलेले, म्हणून वेग प्रचंड. मूळ एन्झाइम मेदाम्लांसाठी आहे. औषधांसाठी बदललेली रूपे लागतात. औषध नीट बसले नाही तर एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) नुसते जळते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन एन्झाइमलाच मारते, त्यामुळे कॅटालेज घालतात आणि ग्लुकोज डिहायड्रोजनेजने एनएडीपीएच पुन्हा भरत राहतात.

यकृताचा माल

मानवी मायक्रोसोमचे मिश्रण: १०० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, प्रथिन ०.५ मिग्रॅ/मिली, मॅग्नेशियम क्लोराइड ३ ते ५ मिलिमोलर, ३७°सेला ५ मिनिटे गरम करून एनएडीपीएच १ मिलिमोलर घालून सुरुवात. थंड ॲसिटोनायट्राइल तेवढ्याच आकारमानाचे घालून थांबवायचे. एनएडीपीएच नसलेली नळी सोबत हवीच. तिच्यातही औषध घटले तर ते एस्टरेजचे काम किंवा रेणू अस्थिर. एक तासाच्या पुढे ताणू नका, एन्झाइम थकते. ग्लुकुरोनाइडसाठी यूडीपीजीए (ग्लुकुरोनिक आम्ल पुरवणारा रेणू) आणि पटल भोके पाडून मोकळे करणारे अलामेथिसिन वेगळे घालावे लागते. ते न घातल्याने ग्लुकुरोनाइड 'होत नाही' असा निष्कर्ष काढलेले प्रबंध कमी नाहीत.

मायक्रोसोमचे आंधळे ठिकाण म्हणजे पेशीद्रवातली एन्झाइमे: सल्फोट्रान्सफरेज आणि अल्डिहाइड ऑक्सिडेज. नायट्रोजनयुक्त विषमवलयी कडे असेल तर एस९ (मायक्रोसोम आणि पेशीद्रव दोन्ही असलेला यकृताचा अर्क) किंवा हेपॅटोसाइट घ्या.

उंदराचे यकृत घरचे म्हणून बरेच जण तिकडे वळतात. त्याला प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते आणि मिळणारे उत्तर उंदराचे असते. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर १,००,००० जी ऐवजी ८ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडने मायक्रोसोम साखळवून २७,००० जी वर खाली बसवता येतात, ही सोय मात्र खरी.

तुमची परिस्थिती कोणती

औषध-औषध परस्परक्रिया, एन्झाइमची ओळख, शरीरातून औषध जाण्याचा वेग, यांपैकी काहीही हवे असेल तर सूक्ष्मजीव नकोत. २०२४ ची आयसीएच एम१२ तत्त्वे मानवी मायक्रोसोम, हेपॅटोसाइट आणि मानवी एन्झाइमांभोवतीच फिरतात. बुरशीत केटोकोनाझोल घालून रूपांतर थांबले म्हणून माणसात ते सीवायपी३ए४ ने होते, असे म्हणता येत नाही. मेटायरापोन किंवा १-अमिनोबेंझोट्रायाझोलने थांबले तर बुरशीतले कोणते तरी पी४५० गुंतले आहे, एवढेच सिद्ध होते.

पैसे कमी, एलसी-एमएस दुसऱ्याच्या दारात, हाताशी शेकर आणि ऑटोक्लेव्ह, विषय प्रबंधाचा: कनिंगहॅमेलाच्या दोन जाती आणि एक स्ट्रेप्टोमायसिस. वीस-पंचवीस वाण चाळण्याची पद्धत छापील लेखांत शोभते. एका विद्यार्थ्याला तीनच नीट सांभाळता येतात. पुण्याचा एनसीआयएम किंवा चंडीगडचा एमटीसीसी, या दोन्ही सूक्ष्मजीव संग्रहांकडून वाण मागवता येतात. एटीसीसीचा नेमका क्रमांकच हवा असेल तर आयातीचे कागद आणि मुदत आधी विचारून घ्या.

पैसे बरे, वेळ कमी आणि मेटाबोलाइटचे एन्झाइम ठाऊक: मानवी सीवायपीचे तयार ई. कोलाय किंवा यीस्ट.

जिथे दोन्ही परवडते तिथे क्रम असा लावा. मायक्रोसोमच्या १ मिलीच्या मिश्रणात आधी बघून घ्या, माणसाची शिखरे कोणती. धारणकाळ (शिखर स्तंभातून बाहेर पडायला लागणारा वेळ) आणि एमएस/एमएस (रेणूच्या तुकड्यांची वस्तुमाने) नोंदवा. हेच लक्ष्य. मग तीन वाण २५ मिलीच्या फ्लास्कात, आणि फक्त तेच शिखर शोधा जे मायक्रोसोममध्ये होते. एखाद्या हायड्रॉक्सी मेटाबोलाइटचे वस्तुमान जुळले पण धारणकाळ दहा सेकंदांनी सरकला तर तो दुसऱ्या जागेचा आयसोमर समजा, दोन्ही अर्क एकत्र मिसळून एकदा चालवा. एक शिखर राहिले तरच तो तोच. जुळला, की वीस फ्लास्क.

स्लँट धरून सगळा फेरा साधारण सतरा दिवसांचा: ७ दिवस वाढ, ३ दिवस पहिला टप्पा, १ दिवस दुसरा, ६ दिवस औषधासह. दोन फेऱ्यांत हवे ते शिखर दिसले नाही तर माध्यम बदलत बसण्यापेक्षा वाण बदला. वाण बदलूनही नाही, तर मानवी एन्झाइमच्या वाणाकडे जा. प्रमाण वाढवताना फ्लास्कांची संख्या वाढवा, फ्लास्कचा आकार नव्हे. २५ मिलीतून थेट ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये गेलात की कवकजाल प्रोबला आणि पात्याला गुंडाळते, हवा पोहोचत नाही, आणि २० टक्क्यांचे रूपांतर २ टक्क्यांवर येऊ शकते.